‘चांगल्या कंपनीचे लिफ्टर’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पानावर इंजिनाची ताकद वाढवण्यासंबंधीचे लेख अधूनमधून येतात. कॅम, हेड, एक्झॉस्ट यांवर त्यांत भरभरून लिहिलेले असते. लिफ्टरची बोळवण मात्र ‘चांगल्या कंपनीचे वापरावेत’ एवढ्यावर होते. कॉर्व्हेटमध्ये 1997 साली एलएस1 आले, तेव्हापासूनची जनरल मोटर्सची (जीएम) एलएस घराण्यातली व्ही-8 इंजिने घरच्या गॅरेजमध्ये नव्याने बांधणाऱ्यांत इथे अमेरिकेत मराठी मंडळीही आहेत. त्यांच्यासाठी त्या एका वाक्याची फोड करतो.

हायड्रॉलिक रोलर लिफ्टर कॅम (उंचवटे असलेला फिरता दांडा) आणि पुशरॉड (रॉकर नावाच्या तरफेमार्फत व्हॉल्व्ह उघडणारी सळई) यांच्या मधोमध बसतो. तळाशी बारीक सुयांच्या बेअरिंगवर फिरणारे चाक आणि पोटात तेलावर टेकलेला प्लंजर. प्लंजरखाली कोंडलेले तेल सगळी फट भरून काढते, म्हणून टॅपेट सेट करण्याचा जाच नाही. पण तेच तेल प्लंजरच्या कडेने सतत थोडे थोडे झिरपत असते. प्लंजर आणि त्याच्या भोवतीची भिंत यांतली फट मायक्रॉनमध्ये मोजायची. ती जरा सैल असली की व्हॉल्व्ह कॅमने ठरवल्यापेक्षा कमी उघडतो. महाग लिफ्टरचे जादा पैसे या फटीला आणि चाकाच्या बेअरिंगला लागतात, डब्यावरच्या चित्राला नव्हे.

पण म्हणून स्वस्त लिफ्टरला नाक मुरडण्याचे कारण नाही. 2006 च्या कॉर्व्हेट झेड06 मधले एलएस7 इंजिन कंपनीतूनच 7000 आरपीएमची लाल रेघ (फेऱ्यांची कमाल मर्यादा) घेऊन बाहेर पडले, तेही हायड्रॉलिक रोलर लिफ्टरवर. मध्यम कॅम आणि 6500 पर्यंत फिरणाऱ्या इंजिनाला त्या जातीचा सोळाचा अस्सल संच पुरतो. फक्त तो खात्रीच्या विक्रेत्याकडून, सीलबंद घ्यावा. प्रश्न येतो स्प्रिंगचा. व्हॉल्व्ह बंद असताना 130 ते 150 पौंड आणि पूर्ण उघडल्यावर 350 ते 400 पौंड एवढा जोर हे लिफ्टर सुखाने सोसतात. त्याच्या फार वर गेलात की प्लंजर दबू लागतो आणि चाकातल्या सुया खचतात. तिथे जॉन्सन किंवा मोरेल या कंपन्यांसारखे वरच्या प्रतीचे लिफ्टर हवेत, नाहीतर सरळ सॉलिड रोलर, म्हणजे तेलावरचा प्लंजर नसलेले.

बरेचदा लिफ्टर मरतो तो दुसऱ्याच्या पापाने. एलएसमध्ये दर चार लिफ्टरना सरळ धरून ठेवणारा प्लास्टिकचा ट्रे असतो. वर्षानुवर्षे उकळत्या तेलात राहून तो ठिसूळ होतो, त्याची भोके झिजतात आणि लिफ्टर स्वतःभोवती वळतो. चाक लोबवर (कॅमच्या उंचवट्यावर) आडवे पडले की कॅम, लिफ्टर आणि पाठोपाठ बेअरिंगे, सगळ्यांचा निकाल लागतो. ट्रे बदलायला हेड उतरवावे लागते. नवे गॅस्केट आणि एकदाच वापरायचे मूळचे हेड बोल्टही ओघाने आलेच. म्हणून ‘आत्ता नुसता कॅम टाकू, लिफ्टरचे पुढे बघू’ ही काटकसर अंगाशी येते. दोन लिफ्टर पट्टीने जोडलेला लिंक-बार प्रकार घेतला तर ट्रेची कटकट जाते. पण वजन वाढते, आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पट्टी कुठे घासत नाही ना, हे पाहावे लागते.

लिफ्टर ब्लॉकमधल्या ज्या भोकात बसतो तो बोअर कोणी मोजतच नाही. जीएमच्या लिफ्टरचा व्यास 0.842 इंच. तो मायक्रोमीटरने मोजा, आणि ब्लॉकमधला बोअर वर आणि खाली अशा दोन ठिकाणी बोअर गेजने. फरक सव्वा ते पावणेदोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असावा. अडीच थाऊच्या पुढे तेल बाजूने निसटते, लिफ्टर डुलतो आणि दोष नव्याकोऱ्या लिफ्टरवर येतो. असा ब्लॉक मशीन शॉपला देऊन ब्रॉन्झचे बुश बसवून घ्यावेत.

आता प्रीलोड. आमच्या मते निम्मे बिघाड इथले. पुशरॉडने प्लंजर किती आत दाबला जातो ते माप म्हणजे प्रीलोड. कॅमचा बेस सर्कल (लोबचा उंचवटा नसलेला गोल भाग) लहान झाला, हेड घासले, गॅस्केटची जाडी बदलली, किंवा नव्या लिफ्टरची पुशरॉडची वाटी जुन्यापेक्षा वर-खाली असली की जुनी पुशरॉड चुकीची ठरते. त्यासाठी लांबी कमी-जास्त करता येणारी मोजणीची पुशरॉड मिळते. लिफ्टरच्या संचापुढे तिची किंमत किरकोळ आहे. मोजायच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागला की इनटेक व्हॉल्व्हचे माप तपासा. इनटेक बंद होत आला की एक्झॉस्ट. रॉकरचा बोल्ट पूर्ण 22 फूट-पौंडाला आवळा आणि मग मोजणीची पुशरॉड हळूहळू लांबवा. वर-खाली खेळ संपला, पण बोटांच्या चिमटीत ती अजून फिरते, तो क्षण पकडायचा. जोर लावून फिरवत राहिलात तर प्लंजर दबतो आणि माप खोटे येते.

समजा ही लांबी 7.350 इंच आली. एलएस7 जातीच्या लिफ्टरला 50 ते 80 थाऊ प्रीलोड चालतो, म्हणजे 7.400 ते 7.430 च्या दरम्यानची पुशरॉड हवी. बाजारात त्या 25 थाऊच्या टप्प्याने मिळतात. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर 7.425 घ्यावी, कारण गरम झाल्यावर ॲल्युमिनियम पोलादी पुशरॉडपेक्षा जास्त वाढते आणि प्रीलोड काही थाऊंनी उतरतो. काही लिफ्टरमध्ये प्लंजरची धाव मुद्दाम कमी ठेवलेली असते. त्यांना 20-30 थाऊच लागतात, तेव्हा डब्यातला कागद फेकू नका.

खेळ संपल्यावर बोल्ट किती फेरे आवळला ते मोजून प्रीलोड काढणाऱ्यांची एक चूक हमखास दिसते. रॉकरच्या बोल्टचा पिच 1.25 मिमी, म्हणून एक फेरा म्हणजे 49 थाऊ, असे गृहीत धरले जाते. पण बोल्ट रॉकरच्या मध्यावर आहे आणि व्हॉल्व्हकडचे टोक जागचे हलत नाही. 1.7 गुणोत्तराच्या रॉकरमध्ये पुशरॉडकडचे टोक त्याच फेऱ्यात जवळजवळ 2 मिमी, म्हणजे 78 थाऊ खाली जाते. दीड फेऱ्यात 117 थाऊ!

6200 आरपीएमवर इंजिन अडखळले की ‘लिफ्टर पंप-अप झाले’ म्हणून संच बदलणारेही आहेत. स्प्रिंग कमजोर असली की व्हॉल्व्ह तरंगतो, मधल्या मोकळ्या जागेत लिफ्टर इमानाने तेल भरतो आणि मग व्हॉल्व्ह सीटवर टेकत नाही. लिफ्टरने त्याचे कामच केले. आधी स्प्रिंगचा जोर मोजा.

2005 नंतरच्या बऱ्याच पिकअप-एसयूव्हींच्या इंजिनांत पेट्रोल वाचवण्यासाठी 1, 4, 6 आणि 7 हे सिलिंडर बंद ठेवणारे खास लिफ्टर असतात. हौसेच्या इंजिनात ते नकोच. मात्र ते काढायचे तर त्या पद्धतीचा नसलेला कॅम, ट्रे, व्हॅली कव्हर (सिलिंडरांच्या दोन रांगांमधले झाकण) आणि इंजिनाच्या संगणकातल्या प्रोग्रॅममधली दुरुस्ती, सगळे एकदम करावे लागते.

पुण्या-मुंबईत धावणाऱ्या हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या एअर-कूल्ड व्ही-ट्विनमध्येही याच जातीचे लिफ्टर असतात. वरचे आकडे त्यांना लावू नयेत, मोजण्याची शिस्त तेवढी घ्यावी.

बसवण्यापूर्वी लिफ्टर स्वच्छ तेलात बुडवून ठेवावेत आणि इंजिन सुरू करण्याआधी तेलाचा दाब गेजवर आलेला पाहावा. चाक नसलेल्या जुन्या सपाट टॅपेटसारखे वीस मिनिटे वरच्या आरपीएमवर पळवायची गरज नाही. थंड इंजिन पहिले काही सेकंद टिकटिकले तर घाबरू नका. गरम झाल्यावरही एखादा लिफ्टर वाजतच राहिला, तर तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात धरा. केसासारखे बारीक चमकणारे तुकडे दिसले तर ते चाकाच्या सुयांचे तुकडे असू शकतात. पुन्हा चावी फिरवू नका.

आपले,
इंजिनकामातले दोन वाचक,
मिशिगन, अमेरिका