स्ट्रॉमनेसचे गडगे

स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
ऑक्टोबर अखेर

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

परसातला नुसत्या दगडांनी रचलेला गडगा यंदाच्या पावसात पुन्हा ढासळला आणि तुम्ही आता सिमेंट लावायचं म्हणताय, असं आईने सांगितलं. गवंड्याला हाक मारण्याआधी इथली रीत वाचा.

स्ट्रॉमनेस हे स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांतलं बंदर. वस्ती जेमतेम दोन-सव्वादोन हजार. हंगाम आपल्या उलटा. आपल्याकडे नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात, तर इथे सप्टेंबर सरता सरता छोट्या होड्या वर ओढतात. त्यासाठी किनाऱ्यावर जुने, होडीच्याच आकाराचे खळगे आहेत, त्यांना ‘नाउस्ट’ म्हणतात. पाऊस वर्षाकाठी सुमारे हजार मिलिमीटर, म्हणजे रत्नागिरीचा एक जुलै. पण तो आडवा येतो, त्यामुळे छत्रीचा उपयोग शून्य. थंडी बेताची, दिवसा दहा-बारा अंश. खरा जाच वाऱ्याचा. वादळ गेलं की खिडक्यांच्या काचा मिठाने पांढुरक्या झालेल्या असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात, मग साडेचारच्या आतच सूर्य मावळतो.

या वाऱ्यामुळेच जुन्या घरांनी समुद्राकडे दर्शनी बाजू केलेलीच नाही. आढ्याखालची अरुंद त्रिकोणी भिंत पाण्याकडे, दार बोळात. मुख्य रस्त्यावर फरशा, इथल्याच दगडाच्या. रस्त्याकडेला लॉगिनची विहीर आहे. दर्यावर्दी कॅप्टन कुकची जहाजं १७८० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, कुकविना परतताना इथे पाणी भरून गेली. १८४५ मध्ये दर्यावर्दी फ्रँकलिनची ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजं इथूनच पाणी घेऊन आर्क्टिकमधला वायव्य सागरी मार्ग शोधायला निघाली, ती परतलीच नाहीत. विहीर १९३१ मध्ये बंद केली.

आता गडगा. इथे त्याला ‘डाइक’ म्हणतात. दगड जुन्या तळ्याच्या गाळाचा, पापुद्र्यांनी सुटणारा, त्यामुळे सपाट मिळतो. आपला काळा दगड तसा नाही, पण नियम तेच.

छातीभर, म्हणजे सव्वा मीटर उंचीच्या गडग्याला पाया ७० सेंटिमीटर रुंद आणि माथा ३५. दोन्ही बाजू आत झुकत जातात. मीटरभर लांबीला सव्वा ते दीड टन दगड लागतो. पडलेला भाग पायापर्यंत पूर्ण उतरवायचा. अर्ध्यावर जोड दिला तर तो पुढच्या वर्षी तिथेच सुटतो. दगड निवडून मांडायचे: माथ्याचे सगळ्यात दूर, पायाचे जवळ, मध्ये चालायला जागा. माती काढून घट्ट जमिनीवर सगळ्यात मोठे दगड बसवायचे आणि दोन्ही अंगांना दोरी बांधायची.

दगडाची लांबी भिंतीच्या आत जायला हवी. इथेच गवंडी फसवतात. लांब दगड दर्शनी बाजूला आडवा ठेवला की भराभर जागा भरते, दिसतंही छान, पण त्याला आत पकड नसते. सांधेमोड पाळायचीच, म्हणजे वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. दोन्ही अंगांमधली पोकळी चिपांनी भरायची, एकेक चीप हाताने बसवून. घमेलं ओतलं की भर वर्षभरात खाली बसते आणि भिंतीला पोट सुटतं. माती तर नकोच, पावसात ती धुऊन जाते. अर्ध्या उंचीवर दर मीटरला एक दगड असा हवा की जो दोन्ही बाजूंना पोचेल. हे आरपार दगड नसले की दोन अंगं फाकतात. शेवटी माथ्यावर दगड उभे, एकमेकांना घट्ट दाबून, फटीत पाचर ठोकून.

फटींमधून उजेड दिसतो तो दोष नव्हे. वारा थोडा गाळून जातो, त्यामुळे पूर्ण धक्का भिंतीवर येत नाही. पाणीही त्यातूनच सुटतं. तुमच्या गडग्यामागे चढाची माती आहे; फटी सिमेंटने बुजवल्या तर पाणी मागे तुंबेल आणि भिंत सलग तुकड्यांत पडेल.

पक्क्या गडग्यालाही वादळ सोडत नाही. अगदी उत्तरेच्या नॉर्थ रोनाल्डसे बेटाला १८३२ मध्ये सुमारे २० किलोमीटरचा गडगा घातला. तो मेंढ्यांना कोंडण्यासाठी नाही, कुरणाबाहेर किनाऱ्यावर ठेवण्यासाठी. तिथे त्या समुद्री शेवाळ खातात. शेवाळावर वाढलेल्या या जातीला फार दिवस गवत दिलं तर तांब्याची विषबाधा होऊ शकते. डिसेंबर २०१२ च्या वादळात बराच गडगा आडवा झाला. अजून उन्हाळ्यात बाहेरगावची माणसं दुरुस्तीला येतात.

इथून दहा-अकरा किलोमीटरवर स्कारा ब्रे आहे. १८५० च्या वादळाने वाळूची टेकडी उघडी केली, तेव्हा सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची घरं सापडली, दगडी पलंग आणि फडताळांसकट. चुना नाही, सिमेंट नाही. सांधेमोड मात्र व्यवस्थित. १९२४ च्या वादळात एका घराचा भाग वाहून गेला. मग समुद्राकडे संरक्षक भिंत बांधली. आता लाटा तिच्या दोन टोकांशी पोखरतात.

तुमचा गडगा कोसळला त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन मीटरही उतरवा, पोट तिथपर्यंत गेलेलं असणार. आरपार दगड आधी मोजा. कमी पडले तर जांभ्याचे चिरे कापून घ्या. पावसाळ्याआधी काम संपवा.

आईला नमस्कार.

तुमची लेक