तो धडा घरी वाचायला देऊ नकोस

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगितलंस, की उत्क्रांतीचा धडा मुलांना घरीच वाचायला द्या, उगाच वाद नको, असं तुला शाळेत सुचवलंय. मी तेव्हा गप्प बसलो. नोकरीत असताना मीही तेच केलंय. मला तर कोणी सांगितलंही नव्हतं. एका पालकांनी वर्गाच्या दारात येऊन "मग देवाचं काय, सर?" एवढंच विचारलं होतं. पुढच्या वर्षी तो धडा माझ्याकडून 'वेळेअभावी' राहिला.

धर्माचा दबाव म्हटलं की आपल्याला बंदी आणि खटले आठवतात. १९२५ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकाला माणसाची उत्क्रांती शिकवल्याबद्दल १०० डॉलर दंड झाला. (आणि पुस्तक कुठलं? राज्यानेच नेमून दिलेलं!) दंड पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाला. पण त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतून 'उत्क्रांती' हा शब्द गायब झाला. प्रकाशकाला पुस्तकं खपवायची होती, तशी आपल्याला नोकरी शांतपणे करायची असते.

आता अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोव्हर गावचं ऐक. २००४ साली तिथल्या शालेय मंडळाने ठरवलं, की उत्क्रांती शिकवण्याआधी वर्गात एक निवेदन वाचायचं: डार्विनचं म्हणणं ही नुसती थिअरी आहे, पर्यायी पुस्तक ग्रंथालयात आहे. विज्ञानशिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला. शेवटी अधिकाऱ्यांना वर्गात येऊन वाचावं लागलं. अकरा पालक कोर्टात गेले. तिथे त्या पर्यायी पुस्तकाचे जुने खर्डे निघाले. देवाने सृष्टी घडवली हा वाद सरकारी शाळांत विज्ञान म्हणून शिकवायला सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये मनाई केली. त्या निकालानंतर त्यात 'सृष्टिनिर्मितीवादी' खोडून 'रचनेचे समर्थक' (म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले असं मानणारे) घातलं होतं, आणि एके ठिकाणी घाईत दोन्ही शब्दांची खिचडी तशीच राहिली होती! डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला, की हे विज्ञान नव्हे. त्यांना नेमलं होतं धार्मिक मतदारांचा पाठिंबा असलेल्या अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी, म्हणजे धर्मद्वेष्टे म्हणून त्यांना उडवून लावायचीही सोय नव्हती.

"थिअरीच आहे ना" हे तुलाही ऐकावं लागेल. आपला 'सिद्धांत' हा शब्द त्या मानाने प्रामाणिक आहे. पुराव्याने सिद्ध झाल्यावर जिथे पोचतो, तो सिद्धांत. फळ्यावर हा शब्द फोडून लिही. मग मुलांना विचार, की जंतूंवर चालणारं औषध काही वर्षांनी का चालेनासं होतं. तीही उत्क्रांतीच. देवाबद्दल कोणी विचारलंच, तर तो प्रश्न या तासाचा नाही एवढं सांग. हसू मात्र नकोस. आनुवंशशास्त्रज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्की श्रद्धाळू ख्रिस्ती होते, आणि उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रातल्या कशालाच अर्थ नाही, असं १९७३ मध्ये त्यांनीच लिहिलं.

आणि कोणी पालक दारात आलेच, तर त्यांना आत बोलव. मागच्या बाकावर बसव, तास ऐकू दे. मी त्या दिवशी नुसतं दार लोटून घेतलं होतं.

तुझे,
बाबा