पदभार घेताना जावक नोंदवही कोण तपासतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूर विभागातील शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली) घोटाळा, म्हणजे बोगस मान्यतांवर शिक्षकांचे पगार काढल्याचे प्रकरण, 2025 मध्ये उघड झाल्यापासून चर्चा आहे ती अटकेची. बोगस मान्यता कागदावर उतरते कशी, याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

शिक्षण सेवेत दोन दारांनी शिरता येते. राज्यसेवा परीक्षा देऊन थेट उपशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी व्हायचे, नाहीतर शाळेतून केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी असे चढत यायचे. पुढे उपसंचालक, सहसंचालक, संचालक. वरची आयुक्ताची खुर्ची भारतीय प्रशासन सेवेची. 2005 च्या बदली कायद्याने एका जागी तीन वर्षांचा कालावधी ठरवला, पण पदे रिकामी असली की एकाच अधिकाऱ्याकडे प्राथमिक, माध्यमिक आणि योजना असे सगळेच येते. साहेब आज या कार्यालयात, उद्या त्या. टेबलावरचा लिपिक तोच.

अनुदानित शाळेतील शिक्षकाच्या वैयक्तिक मान्यतेच्या प्रस्तावात काय लागते? संस्थेचा ठराव, जाहिरात, नेमणूक आदेश, रुजू अहवाल, त्या वर्षाची संचमान्यता (पटसंख्येवरून मंजूर पदे), मागासवर्ग कक्षाने तपासलेली बिंदुनामावली (आरक्षणाचा पदनिहाय तक्ता), पात्रतेची प्रमाणपत्रे, शिवाय खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्यातील कलम 5 प्रमाणे अतिरिक्त (दुसऱ्या शाळेत जास्तीचा ठरलेला) शिक्षक उपलब्ध नसल्याचे पत्र. एक कागद कमी पडला की प्रस्ताव त्रुटीत. (त्रुटी एकदम न काढता एकेक काढली की फाइल कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक न अडवण्याचा त्याच 2005 च्या कायद्यातला नियमही मोडत नाही आणि कामही होत नाही, हे जाणकारांना सांगायला नको.) मान्यतेचा आदेश निघाला की कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या, म्हणजे जावक, नोंदवहीत त्याला जावक क्रमांक पडतो. त्याच्या आधारे उपसंचालक कार्यालयातून शालार्थ आयडी आणि मग वेतन पथकाकडून (पगारबिले पाहणारे कार्यालय) पगार.

गडबड होते ती जावक क्रमांकापाशी. 2 मे 2012 रोजी शिक्षकभरती बंद झाली. नंतर नेमलेल्या माणसाला पगार मिळवून द्यायचा तर कागद बंदीआधीचे दिसायला हवेत, आणि जुन्या तारखेचा आदेश बसवायला जुन्या नोंदवहीत जागा हवी. ती आयतीच मिळते. संध्याकाळी पानाच्या तळाशी दोन-तीन ओळी 'तातडीच्या पत्रासाठी' कोऱ्या सोडायची खोड असतेच. तेही जमले नाही तर 1842 च्या खाली 1842-अ. शाई निराळी, ओळ दाटीने कोंबलेली, आणि बाजूच्या रकान्यात टपाल तिकिटाचा खर्च नाही. पान उजेडात धरले की कळते. पण प्रभारी अधिकारी टिपणी वाचतो, नोंदवही मागवत नाही. आदेशावर सही मात्र बदलून गेलेल्या किंवा निवृत्त झालेल्या साहेबाची, कधी खरी, कधी बनावट.

कार्यभार हस्तांतरणाच्या प्रमाणपत्रात पद, तारीख आणि 'मध्यान्हपूर्व' की 'मध्यान्होत्तर' एवढेच असते. शेवटचा जावक क्रमांक, दिलेल्या मान्यतांची संख्या, प्रलंबित प्रस्ताव यांचा त्यात पत्ता नसतो. वयाच्या 58 व्या वर्षी अधिकारी घरी गेला की प्रकरण आणखी निसटते. 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम 27 नुसार निवृत्तीनंतर विभागीय चौकशी सुरू करायची तर घटना चार वर्षांच्या आतली हवी. दहा वर्षांपूर्वीच्या तारखेचा आदेश खात्याच्या हाताबाहेर. उरतो तो पोलिसांचा रस्ता.

उपायाला नवा कायदा नको. पदभार देताना जावक आणि मान्यता या दोन्ही नोंदवह्यांत शेवटच्या नोंदीखाली लाल शाईने रेघ ओढावी, कोऱ्या ओळी काटाव्यात, शेवटचा क्रमांक अक्षरी लिहून देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सही करावी. त्या पानाचे छायाचित्र त्याच दिवशी उपसंचालक कार्यालयाला आणि वेतन पथकाला जावे. शालार्थ आयडी देताना आदेशाचा क्रमांक त्या पानाशी ताडून पाहावा. ई-ऑफिसमध्ये क्रमांक संगणकच टाकतो, त्यामुळे पुढची चिंता कमी. 2012 च्या आगेमागेच्या नोंदवह्या मात्र कागदीच आहेत. त्या वाळवीच्या किंवा 'गहाळ' शेऱ्याच्या तोंडी जाण्याआधी स्कॅन करून पाननिहाय मोजून ठेवाव्यात, आणि हे काम त्याच टेबलावरच्या लिपिकाकडे देऊ नये.

– शिक्षण विभागातील काही निवृत्त कर्मचारी, पुणे