पक्ष्यांचा भाव विचारताना

संपादक महोदय,

वन्यजीव वाचवण्याची किंमत सर्वेक्षणातून काढतात, याचं मला हसू यायचं. मग मीच तसा फॉर्म घेऊन दारोदार फिरले. "वर्षाला किती द्याल?" विचारलं की माणूस छताकडे बघून सुचेल तो आकडा ठोकून देतो. "एवढा कर वाढणार असेल तर मत द्याल का?" म्हटलं की मात्र आत बायकोला हाक जाते. एक्झॉन व्हाल्डेझ या तेलवाहू जहाजातल्या तेलगळतीनंतर अमेरिकेत नेमलेल्या, केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञांच्या समितीनं १९९३ मध्ये हीच दुसरी पद्धत सुचवली होती.

तरी एक खटकतंच. तिथल्याच एका अभ्यासात तेलाच्या डबक्यांत मरणारे २,००० पक्षी वाचवायला लोक सरासरी ८० डॉलर देऊ म्हणाले, २०,००० साठी ७८ आणि २ लाखांसाठी ८८! पक्षी मोजतंय कोण? डोळ्यांपुढे तेलानं माखलेला एकच असणार.

एका आजींनी मला विचारलं, "मग पैसे न्यायला कधी येशील?" फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता, समासात लिहून ठेवलं.

अशा अहवालांच्या बातम्यांत आकड्याशेजारी लोकांना नेमकं काय विचारलं होतं, तेही छापाल का?

– एक माजी सर्वेक्षक