‘निकाल नको, नोंद ठेवा’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव न घालता हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. डॉक्टरांचे आभार लोक चारचौघांत मानतात, समुपदेशकाचे मानायला बिचकतात. आपण तिथे जात होतो हे सगळ्यांना कळेल ना! मला कळलं तरी चालेल.

मी तुमच्याकडे आले ती पूर्ण तयारीनिशी. मी कशी आहे, तशी का झाले, लहानपणीच्या कुठल्या गोष्टीचे धागे कुठे पोचतात, सगळं जुळवून आणलेलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, “हे शेवटचं कधी झालं? समोर कोण होतं? तुमच्या तोंडून नेमकं काय गेलं?” मला सांगता येईना. स्वतःचा एवढा विचार करणाऱ्या बाईला मागच्या आठवड्यातला एक प्रसंग धड आठवू नये! राग आला मला. तुमचाच.

त्यावर तुम्ही मोज्यांची गोष्ट सांगितलीत. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली मांडलेली. टेबलावर नायलॉनच्या पायमोज्यांचे 4 जोड ओळीने ठेवले आणि लोकांना त्यांतला उत्तम निवडायला सांगितलं. सगळ्यात उजवीकडचा जोड डावीकडच्याच्या जवळजवळ चौपट वेळा निवडला गेला. कारण विचारल्यावर कुणी पोत सांगितला, कुणी वीण. प्रत्यक्षात चारही जोड अगदी सारखे होते. जागेमुळे तर निवडला नाहीत ना, असं विचारल्यावर बहुतेकांनी साफ नाकारलं. यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. ‘का’ विचारलं की मन रिकाम्या हाताने परत येत नाही, पटण्याजोगं काहीतरी घेऊनच येतं. माझी ती तयारी म्हणजे काय होतं, हे तुम्ही बोलून दाखवलं नाहीत, याचे वेगळे आभार.

मग आली वही. काय घडलं, अंगात काय जाणवलं, मी काय केलं, बस्स. ‘मी’च्या पुढे विशेषण आलं की खोडायचं, कारण तो निकाल झाला, नोंद नव्हे, हा तुमचा नियम. आधी मला तो शाळकरी वाटला होता. एक नोंद इथे उतरवते:

“चर्चा चालू. मी बोलायला लागले, वाक्य मध्येच तोडलं गेलं. कान गरम. पेनाचं टोपण उघड-बंद. शेवटपर्यंत काही बोलले नाही. बाहेर आल्यावर मैत्रिणीला म्हटलं, मला तसं काही सांगायचंच नव्हतं.”

अशा नोंदी साठत गेल्या आणि त्यांत माणसं वेगळी, विषय वेगळे, पण ते तुटलेलं वाक्य तेवढं दर वेळी हजर. इतकी वर्षं मी स्वतःला मितभाषी म्हणवून घेत होते. छान वाटतो तो शब्द, जरा भारदस्तही. पण जिथे कुणी मध्ये बोलत नाही तिथे मी अखंड बडबडते, हेही त्याच वहीत होतं. घरी तर मला थांबवावं लागतं. म्हणजे तो स्वभाव नव्हताच. ठरावीक जागी, ठरावीक धक्का बसला की मी मिटत होते. स्वभाव म्हटलं की हात टेकावे लागतात. धक्का कुठून बसतो हे कळलं की तिथे काहीतरी करता येतं.

लिहून लगेच हलकं वाटेल, असं खोटं आश्वासन तुम्ही दिलं नाहीत. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या 1986 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, जुन्या दुखऱ्या अनुभवांवर लिहिलं, तेव्हा लिहून झाल्याबरोबर त्यांना उलट जास्तच उदास वाटलं होतं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या मात्र पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. हे आधी ठाऊक नसतं, तर मी वही पहिल्याच आठवड्यात माळ्यावर टाकली असती. रात्री तेच तेच डोक्यात फिरायला लागलं की स्वतःला नावाने हाक मारून ‘काय झालं?’ असं विचारायचं, ही तुमची युक्तीही वापरते. कुणी ऐकत नाही ना, हे बघून.

सगळ्यात अवघड गेलं ते दुसऱ्यांना विचारणं. अस्वस्थता, मनातली धाकधूक आपली आपल्यालाच जास्त कळते. पण आपली बुद्धी, कल्पकता अशा गोष्टींचा अंदाज बऱ्याचदा जवळच्या मित्रांना जास्त बरोबर असतो, असं मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांच्या 2010 च्या अभ्यासात दिसलं. तुम्ही म्हणालात, “मी कशी आहे असं विचारू नका, लोक गोड बोलतात. मी काय करताना दिसते, ते विचारा.” एका सहकाऱ्याला विचारलं. त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “कुणी नवीन आलं की तू आधी त्याला बोलतं करतेस. त्याचं संपेपर्यंत दुसऱ्या कुणाला मध्ये येऊ देत नाहीस.” माझ्या वहीत याचा मागमूस नव्हता. आपण असं का करतो, याचं कारण मला लगेच सुचलं आणि ते फार सुंदर होतं. लिहिलं नाही.

एका बाबतीत तुमचं-माझं अजून पटत नाही. जुन्या गोष्टी उकरायची घाई नको, असं तुम्ही म्हणायचात. मला काही जुन्या गोष्टी हव्याच आहेत. फक्त आता त्या मनातल्या मनात रचत नाही. जे तेव्हा हजर होते त्यांना विचारते. त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि माझ्या आठवणीशी तर अजिबातच नाहीत. तरी विचारणार आहे.

आणि हो, आता वाक्य तोडलं गेलं की म्हणते, “माझं पूर्ण व्हायचंय.” आवाज अजून थोडा कापतो. दर वेळी जमतंच असं नाही. पण परवा जमलं, समोरचा थांबला, आणि मला पुढे काय म्हणायचं होतं तेच आठवेना. तुम्हाला हे कळवायचंच होतं.

कळावे, लोभ असावा.
तुमची,
वही अजून चालू असलेली एक