सोमवारपासून हेल्पर येणार नाही : जपानच्या आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्य, श्रम व कल्याण मंत्री, जपान,

सादर नमस्कार. आपल्याला जपानीतून पाठवायचं पत्र नवरा लिहितोय. पण मला राग मराठीतच येतो, म्हणून आधी हे.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या ओकासानना, आंघोळ घालायला येणाऱ्या हेल्परच्या संस्थेने परवा फोन केला. माणसं मिळत नाहीत, खर्च भागत नाही, सोमवारपासून बंद. एप्रिल २०२४ मध्ये घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांना सरकारी काळजी-विम्यातून मिळणारे मूळ दर आपल्याच मंत्रालयाने कमी केले होते.

ओकासान ८८ वर्षांच्या. स्मृतिभ्रंश, काळजी-विम्याच्या पाच पातळ्यांपैकी पातळी २. सरकारी दराच्या वृद्धाश्रमात २०१५ पासून सहसा पातळी ३ किंवा त्यापुढच्यांनाच घेतात. म्हणजे त्या आणखी ढासळेपर्यंत आम्ही थांबायचं? रात्री दोनला त्या चपला घालून उभ्या असतात, "आई वाट बघत असेल." मी दाराशीच अंथरूण टाकते. २०२३ साली स्मृतिभ्रंश झालेलं माणूस हरवल्याच्या १९,०३९ तक्रारी पोलिसांकडे गेल्या. त्या आकड्याने माझी झोप उडाली आहे.

दहा वर्षांपूर्वी त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. शेजारणींत बसणं सुटलं, मग फोन घेणं सुटलं. बहिरेपणाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्येच सांगितलंय. तरी कानाचं मशीन तुमच्या आरोग्यविम्यात बसत नाही. सरकारी मदत हवी तर अपंगत्वाचा दाखला मिळण्याइतकं बहिरं व्हावं लागतं. ओकासान म्हणाल्या, "म्हातारीला कशाला एवढा खर्च?" मी हट्ट धरला नाही. ते आजही खातं मला.

तुमच्याच अंदाजाने २०२२ साली देशात स्मृतिभ्रंशाचे ४४ लाख रुग्ण होते, आणि नव्वदी ओलांडलेल्या बायकांत तर निम्म्याहून जास्त जणींना हा आजार. पासष्टीपुढच्या पाचांतली एक बाई एकटी राहते. तिला तुम्ही सांगता, आजार टाळायला चाला, लोकांत मिसळा. २०१९ मध्ये तर सत्तरीतल्या रुग्णांचं प्रमाण सहा टक्क्यांनी घटवायचं लक्ष्य काढलंत. ज्यांना आजार झाला त्यांनीच काहीतरी चुकवलं, असा त्याचा अर्थ होतो, हे रुग्णांनी सुनावलं तेव्हा मागे घेतलंत.

२००० साली काळजी-विमा आला तेव्हा शब्द दिला होता की म्हाताऱ्यांचं समाज बघेल, एकट्या घरावर पडणार नाही. चाळिशीपासून माझाही हप्ता कापला जातो. तरी दरवर्षी लाखभर माणसं घरच्यांचं करण्यासाठी नोकरी सोडतात, त्यांत बायकाच जास्त. साताऱ्याला माझ्या आईचं वहिनी करते. तिथे असा विमा नाही, हप्ता नाही, सून आहे. इथे विमा आहे, हप्ता आहे, आणि तरी सूनच आहे.

दर पूर्ववत करा. कानाचं मशीन विम्यात घ्या.

सोमवारी माझी सकाळची पाळी आहे. ओकासानजवळ कोण बसेल, ते कळवा.

साइतामाहून,
एक मराठी सून