हँडल बसवण्याआधी माझ्या कोपराखाली हात धरणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

माझ्या टूरिंग मोटारसायकलला उंच हँडल बसवून देताना आपण जी आस्था दाखवलीत, तिच्याबद्दल समोरासमोर धड बोलता आले नाही, कारण गाडी माझ्या ताब्यात देताच आपण पुढच्या गाडीपाशी जाऊन बसला होतात. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर, कारण असे काम करणारी माणसे आहेत हे इतरांनाही कळायला हवे.

लांबच्या पल्ल्यात माझ्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत आणि मान आखडून जाई. मूळचे हँडल खाली आणि पुढे असल्यामुळे धडाचा भार मनगटांवर पडतो व तळहाताच्या कडेने जाणारी नस सतत दाबली जाते, हे आपण सांगेपर्यंत मला कोणीही सांगितले नव्हते. आधीच्या गॅरेजात प्रथम "सवय होईल" असे उत्तर मिळाले. नंतर त्यांनी उंच हँडल बसवले खरे, पण जुन्याच केबल ओढूनताणून जोडल्या. हँडल एका बाजूला पूर्ण वळवले की ॲक्सिलेटरची केबल ताणली जाऊन इंजिनची रेस आपोआप वाढे, आणि पुढच्या ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, तर असा ताठ झाला होता की पाहूनच पोटात गोळा यावा. अरुंद रस्त्यावर गाडी वळवताना ती स्वतःहून पुढे झेपावली तर स्वाराचे काय होईल, हा विचार तिथे कोणाच्याही मनाला शिवला नाही. तक्रार केल्यावर "चालतं हो" म्हणून माझी बोळवण झाली. त्या दोन शब्दांचा राग अजून गेलेला नाही.

आपण मात्र पाना हातात घेण्याआधी मला गाडीवर बसवलेत, डोळे मिटायला सांगितलेत आणि हात सहज जिथे जातील तिथे जाऊ द्या म्हणालात. मग हँडल पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट सैल ठेवून ते त्या जागी आणलेत, माझ्या कोपराखाली आपला तळहात धरलात आणि तो हळूच काढून घेतलात. माझे खांदे किंचित वर चढलेले आपल्याला दिसले. "अजून थोडं मागे यायला हवं," एवढेच बोलून आपण हँडल जरासे फिरवलेत आणि पुन्हा कोपराखाली हात धरलात. खांदे सैल राहीपर्यंत हे चालू होते. इतके दिवस माझे दुखणे ऐकणारे खूप भेटले होते. ते हाताने तोलून पाहणारे आपण पहिलेच. पुढचे सारे काम नेटके झालेच, पण माझे मन भरून आले ते त्या क्षणी.

बाकी कामाची साक्ष गाडीच देते. केबल आणि होज दोन्ही लांब आले, होजच्या जोडावर तांब्याचे नवे वॉशर बसले, आणि ब्रेक ऑइल रंग खाते म्हणून जोड सोडण्यापूर्वी आपण टाकीवर जाड कापड अंथरलेत. शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवताना आपण कान देऊन ऐकत होतात. आवाजात तसूभरही फरक पडला नाही.

याहूनही उंच हँडल विकायला दुकानदार तयारच होते. आपण मात्र स्पष्ट सांगितलेत की हात खांद्यांच्या वर गेले तर ते लवकर भरून येतात, आणि ताठ बसणाऱ्याच्या छातीवर वेगात वारा अधिक आदळतो. गिऱ्हाइकाला कमी उंचीचे, म्हणजे त्याच्या अंगाला मानवेल तेवढेच घ्यायला लावणे, हा सचोटीचा भाग आहे असे मी मानतो. अशी सचोटी पावतीवर कुठेच लिहिलेली नसते; तरीही तिच्याच भरवशावर आम्ही वाहनचालक घरापासून दूर, अनोळखी रस्त्यांवर निर्धास्त जातो.

आता बोटांना मुंग्या येत नाहीत. थोडे अंतर चालवल्यावर क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत, असे आपण निघताना बजावले होते. त्यासाठी लवकरच गाडी घेऊन आपल्याकडे येतो आहे. ते कामही आपल्याच हातून व्हावे, अशी इच्छा आहे.

आपला ऋणी,
एक मोटारसायकलस्वार